एअर रायफलची ताकद तपासायला कोणता क्रोनोग्राफ? नळीचा, पडद्यांचा आणि रडारचा

क्रोनोग्राफ, म्हणजे छर्र्याचा वेग मोजणारं यंत्र, घेताना सगळे एकच विचारतात, सर्वांत अचूक कोणता? रायफल कायद्याच्या मर्यादेत आहे का हे पाहायचं असेल, तर त्याआधी विचारायला हवं की यंत्र चुकलं तर कोणत्या बाजूला चुकतं. वेग जास्त दाखवणारं यंत्र फार तर चांगली रायफल विनाकारण मंद करायला लावेल. कमी दाखवणारं यंत्र मर्यादेबाहेरची रायफल निर्धास्तपणे घरात ठेवायला लावतं. मांडणीत, छर्र्याच्या निवडीत, वजनाच्या नोंदीत होणाऱ्या चुका बहुतांशी कमीच्याच बाजूला जातात. म्हणून बाजारात मिळणाऱ्या तिन्ही प्रकारांची पारख इथे याच एका कसोटीवर केली आहे. अ‍ॅप किती देखणं आहे, आलेख किती रंगीत आहेत, याला गुण दिलेले नाहीत.

कायदा बहुतेक ठिकाणी वेग मोजत नाही, ऊर्जा मोजतो, आणि तीही बॅरलच्या तोंडाशी. भारतात शस्त्र नियम २०१६ प्रमाणे २० ज्यूल आणि ४.५ मिमी कॅलिबर अशी रेघ आहे. दोन्हींपैकी एकही ओलांडली की परवाना लागतो. नियमात २० ज्यूलच्या जोडीला १५ फूट-पौंड असाही आकडा आहे. पण १५ फूट-पौंड म्हणजे २०.३४ ज्यूल, म्हणून दोन्हींतला लहान आकडा धरून चालावं. ब्रिटनमध्ये रायफलला १२ फूट-पौंड, म्हणजे १६.२७ ज्यूल, आणि पिस्तुलाला ६ फूट-पौंड. जर्मनीत ७.५ ज्यूलपर्यंतच्या एअर गनवर पंचकोनात ‘एफ’ची खूण असते. कॅनडात ५०० फूट प्रति सेकंद आणि ५.७ ज्यूल असे दोन आकडे आहेत आणि दोन्ही ओलांडले तरच ती परवान्याच्या बंदुकांत जमा होते. ब्रिटनच्या १९६९ च्या नियमांतली शब्दरचना मात्र कुठल्याही देशात लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यात रायफल किती ऊर्जा ‘देऊ शकते’ असं पाहिलं जातं. तुमच्या आवडत्या डब्यातल्या छर्र्याने ती किती देते, एवढ्यावर भागत नाही.

हिशेब सोपा आहे. छर्र्याचं वजन ग्रॅममध्ये घ्या, मीटर प्रति सेकंदातल्या वेगाच्या वर्गाने गुणा आणि २००० ने भागा. उत्तर ज्यूलमध्ये येतं. ग्रेन आणि फूट प्रति सेकंद वापरत असाल तर ग्रेनला वेगाच्या वर्गाने गुणून ४,५०,२४० ने भागायचं, की फूट-पौंड मिळतात. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. ८.४४ ग्रेनचा, म्हणजे ०.५४७ ग्रॅमचा नेहमीचा छर्रा २४४ मीटर प्रति सेकंदाने निघाला की ब्रिटनची मर्यादा गाठतो आणि २७० ने निघाला की २० ज्यूलची. ०.४५ ग्रॅमच्या हलक्या छर्र्यासाठी हेच आकडे २६९ आणि २९८ होतात, तर ०.६७ ग्रॅमच्या जड छर्र्यासाठी २२० आणि २४४. म्हणजे २४४ हा एकच वेग एका छर्र्याने ब्रिटनची हद्द दाखवतो आणि दुसऱ्याने भारताची. खोक्यावर छापलेला वेग याच कारणाने निरुपयोगी आहे. ‘१००० फूट प्रति सेकंद’ हा आकडा ०.३४ ग्रॅमच्या शिसेविरहित छर्र्याने काढला असेल तर ऊर्जा १५.८ ज्यूल होते. तोच वेग ०.५४७ ग्रॅमच्या छर्र्याला मिळाला तर २५ ज्यूलच्या वर. खोक्यावर वेग ठळक असतो, छर्र्याचं वजन बहुधा नसतंच.

वेगाचा वर्ग होतो, त्यामुळे वेगातली १ टक्का चूक ऊर्जेत २ टक्के होऊन उतरते. यंत्राने १९.७ ज्यूल दाखवले आणि ते वेगात १ टक्का कमी वाचत असेल, तर रायफल प्रत्यक्षात २० च्या पलीकडे गेलेली असते. या कामात क्रोनोग्राफची परीक्षा होते ती या एका टक्क्यात.

बॅरलवर बांधायचा नळीचा क्रोनोग्राफ

ब्रिटनचा कॉम्ब्रो सीबी-६२५ हा या जातीतला जुना आणि माहितीतला नमुना. एअरसॉफ्टवाल्यांचा (प्लास्टिकच्या गोळ्यांच्या खेळातल्या बंदुका वापरणाऱ्यांचा) एक्सकॉर्टेक एक्स३२०० आणि त्याच्यासारखी दिसणारी बरीच यंत्रंही याच कुळातली. तत्त्व साधं आहे. छोट्या नळीत इन्फ्रारेडच्या दोन रेषा असतात, छर्रा पहिली तोडतो, मग दुसरी, आणि मधल्या वेळावरून वेग निघतो. प्रकाश यंत्राचा स्वतःचा असल्याने खोलीत ट्यूबलाइट आहे की बाहेर ढग आलेत, याने फरक पडत नाही. मोजमाप तोंडापासून काही सेंटिमीटरवर होतं, त्यामुळे हवेने खाल्लेल्या वेगाची दुरुस्ती करावी लागत नाही. कायदा जिथली ऊर्जा विचारतो तिथलीच हे यंत्र सांगतं, आणि याच कारणाने माझी पहिली पसंती याला आहे.

उणिवाही स्पष्ट आहेत. दोन रेषांमधलं अंतर कमी असतं. ते ५ सेंटिमीटर धरलं, तर २४० मीटर प्रति सेकंदाचा छर्रा ते जेमतेम २०८ मायक्रोसेकंदांत पार करतो. घड्याळ १ मायक्रोसेकंद चुकलं की वेगात अर्धा टक्का गेला. त्याहून मोठा घोळ असा की पहिला सेन्सर छर्र्याच्या नाकावर जागा झाला आणि दुसरा शेपटीवर, तर चार-सहा मिलिमीटरची चूक होते, आणि एवढ्या लहान अंतरात ती फार मोठी ठरते. नाकावर सुरू आणि शेपटीवर बंद झालं की वेग कमी दिसतो. चांगल्या यंत्रात दोन्ही सेन्सर एकसारखे जुळवलेले असतात. स्वस्तातल्या यंत्रात ते जुळवलेत का, हे दुसऱ्या यंत्राशी ताडल्याशिवाय कळत नाही. विकत घेताना आतल्या दोन छिद्रांतलं अंतर पट्टीने मोजून पाहा. जितकं जास्त तितकं चांगलं, आणि याबाबत जाहिरातीपेक्षा पट्टी खरी.

दुसरी उणीव वजनाच्या यादीची. एअरसॉफ्टसाठी बनलेल्या यंत्रांत चालू करताच ०.२० ग्रॅम वजन लागलेलं असतं. २४० मीटर प्रति सेकंदाला ०.२० ग्रॅमने ५.७६ ज्यूल होतात. छर्रा ०.५४७ ग्रॅमचा असेल तर खरा आकडा १५.७५. पडद्यावर ज्यूल लिहिलेलं दिसतं आणि माणूस तेच धरून चालतो. यंत्रात तुमच्या छर्र्याचं वजन भरता येत नसेल तर ज्यूलच्या आकड्याकडे पाहूच नका. वेग कागदावर उतरवा आणि ऊर्जा स्वतः काढा. भरता येत असलं तरी एकदा हाताने काढून जुळतं का ते पाहिलेलं बरं.

तिसरी गोष्ट बांधणीची. नळी जराही वाकडी बसली तर छर्रा आतल्या कडेला घासतो. आकडा खोटा येतोच, वर सेन्सरवर शिशाची भुकटी बसते. ब्रेक-बॅरल रायफलीत हे तपासणं सोपं आहे. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, बॅरल मोडून उघडी धरा आणि मागच्या बाजूने उजेडाकडे पाहा. बॅरलचं गोल आणि नळीचं गोल एकाच केंद्रावर दिसलं पाहिजे. नळीचा कडा चंद्रकोरीसारखा एका बाजूला डोकावत असेल तर पट्टा सोडून पुन्हा बांधा. पीसीपीत, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीत, असं पाहता येत नाही. तिथे रायफल रिकामी आणि हॅमर (हवेचा व्हॉल्व्ह ठोकून उघडणारा भाग) उतरलेला असताना साफसफाईची ४ मिमीची सरळ सळई नळीतून बॅरलमध्ये सरकवायची आणि सळईच्या चारी बाजूंना सारखी फट राहते का ते बघायचं. शेवटी नळीच्या बाहेरच्या तोंडावर कागद चिकटवून एक छर्रा सोडा. भोक गोल आणि मधोमध पडलं तर काम झालं. भोकाच्या एका कडेला करडा ओरखडा दिसला तर घासतंय.

स्प्रिंगच्या (स्प्रिंगने पिस्टन ढकलून हवा दाबणाऱ्या) रायफलीचा झटका दुहेरी असतो, आधी मागे आणि मग पुढे. पाच-सात छर्र्यांत रबरी पट्टा सरकतो. दर पाच छर्र्यांनी बांधणी पाहायची सवय लावून घ्यावी, कारण हळूहळू उतरत जाणारे आकडे रायफल थंडावल्याचे वाटतात आणि खरं तर नळी तिरकी झालेली असते.

उघड्या पडद्यांचा

कॉल्डवेल, प्रोक्रोनो आणि जुना घडीचा क्रोनी या जातीतले. पेटीत दोन सेन्सर, वर दोन पांढऱ्या छत्र्या आणि मधून छर्रा जातो. सेन्सर आकाशाचा किंवा छत्रीचा उजेड पाहत असतो आणि छर्र्याची सावली त्याला जागं करते. दोन सेन्सरमधलं अंतर एक फुटाच्या आसपास असेल तर नाक-शेपटीची चूक इथे दीड-दोन टक्क्यांपर्यंत आटोक्यात राहते आणि घड्याळाच्या चुकीचा त्रास जवळपास संपतो. कागदावर हा प्रकार नळीपेक्षा सरस आहे.

प्रत्यक्षात याला प्रकाश सतावतो. विजेच्या ५० हर्ट्झवर चालणाऱ्या दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. ट्यूबलाइटखाली हे यंत्र छर्रा न सुटताच आकडे दाखवतं, नाहीतर दाखवतच नाही. कडक उन्हात छर्र्याच्या पोटावर जमिनीचा उजेड चमकतो आणि सावली फिकी पडते. ढगाळ दिवस सर्वांत चांगला. घरात वापरायचं असेल तर यंत्रासोबत त्याच कंपनीचा इन्फ्रारेड दिव्यांचा संच घ्या. साधा एलईडी बल्ब वर टांगून भागत नाही.

कायद्याच्या तपासणीत मला याची धास्ती वाटते ती वेगळ्याच कारणाने. पेटी तिवईवर असते, रायफल हातात किंवा टेकूवर, आणि दोन्ही एका रेषेत आणणं माणसावर सोडलेलं असतं. छर्रा पेटीतून १० अंश तिरका गेला तर दोन पडद्यांमधला त्याचा रस्ता लांबतो आणि वेग दीड टक्का कमी दिसतो, म्हणजे ऊर्जा ३ टक्के कमी. ५ अंशाला वेगाची चूक ०.४ टक्के. तिरकेपणाने वेग कधीच जास्त दिसत नाही, नेहमी कमीच दिसतो.

अंतराचंही तसंच. ०.५४७ ग्रॅमचा छर्रा २४० मीटर प्रति सेकंदाने निघाला की सुरुवातीला दर मीटरला सुमारे दीड मीटर प्रति सेकंद वेग गमावतो. पेटी ३ मीटरवर ठेवली तर वेगात २ टक्के आणि ऊर्जेत जवळपास ४ टक्के कमी दिसतील. फार जवळ ठेवली तर पीसीपीतून सुटलेल्या हवेचा झोत पहिला सेन्सर छर्र्याआधीच जागा करतो, घड्याळ लवकर सुरू होतं आणि पुन्हा वेग कमीच दिसतो, किंवा आकडे वेडेवाकडे येतात. एक मीटर अंतर बहुतेक रायफलींना जमतं. झोत तरीही पोचत असेल तर मध्ये हाताएवढं भोक पाडलेला पुठ्ठा उभा करावा, आणि एक मीटरच्या नुकसानीपोटी ऊर्जेत १.३ टक्के मिळवून मगच मर्यादेशी तुलना करावी. ही भर टाकायला लोक सर्रास विसरतात.

रडारचा

गार्मिनचा झेरो सी१ प्रो २०२३ मध्ये आला आणि या क्षेत्रातली मांडामांड जवळपास संपली. पेटी रायफलीच्या बाजूला ठेवायची, छर्रा मारायचा आणि आकडा वाचायचा. एफएक्सचा पॉकेट क्रोनोग्राफ फोनच्या अ‍ॅपवर चालतो. लॅबरडार जुना आणि मोठा. तो आवाजाने जागा होतो, त्यामुळे मॉडरेटर (आवाज दाबणारी नळी) लावलेल्या शांत पीसीपीसाठी यंत्राला जागं करणारा एअर गनचा वेगळा ट्रिगर जोडावा लागतो.

रडार छर्र्याचा वेग उडत असताना अनेकदा मोजतं आणि त्यावरून तोंडाशी किती असेल ते मागे जाऊन काढतं. म्हणजे दाखवलेला आकडा अंशतः मोजलेला आणि अंशतः हिशेबाने काढलेला असतो. तो हिशेब नीट व्हायचा तर यंत्राला छर्रा हा छर्राच आहे असं सांगावं लागतं. झेरोमध्ये एअर रायफलची निवड वेगळी आहे, ती करा. पॉकेटमध्ये वेगाचा पट्टा योग्य निवडा, नाहीतर छर्रा दिसतच नाही. समोर मोकळी जागा हवी. तीन-चार मीटरच्या खोलीत छर्रा लगेच समोरच्या सापळ्यात (छर्रे थांबवणाऱ्या पेटीत) जाऊन बसतो आणि रडारला वाचायला फार थोडा वेळ मिळतो.

तिरकेपणाचा त्रास इथे नगण्य आहे. पेटी बॅरलपासून २० सेंटिमीटर बाजूला असली तरी छर्रा ५ मीटरवर पोचेपर्यंत कोन सव्वादोन अंशांचा उरतो आणि चूक ०.१ टक्क्याहून कमी राहते. बॅरलवर काही बांधायचं नसल्याने छर्रा घासण्याचा प्रश्न नाही आणि पीसीपीचा पूर्ण सिलिंडर उतरेपर्यंत ४०-५० छर्रे सलग नोंदता येतात. हा मोठा गुण आहे आणि तो का, ते पुढे येतंच. मोकळं मैदान किंवा लांब रेंज हाताशी असेल तर रडार घ्या. घरातल्या छोट्या जागेत तपासायचं असेल तर नळीचाच घ्या. पडद्यांचा क्रोनोग्राफ आधीच घरात असेल तर टाकून देऊ नका, पण या कामासाठी नव्याने घ्यायला मी सुचवणार नाही.

यंत्र घेतल्यावर खरी तपासणी

दहा छर्रे मारून सरासरी काढली की झालं, असा समज आहे. मर्यादा सरासरीची नसते. दहांतला सर्वांत मोठा आकडा घ्यायचा, तोही सर्वांत जास्त ऊर्जा काढणाऱ्या छर्र्याने. तो छर्रा कोणता, हे रायफलीच्या जातीवर अवलंबून आहे.

पीसीपीत जड छर्रा सहसा जास्त ऊर्जा घेऊन जातो. तो बॅरलमध्ये जास्त वेळ राहतो आणि मागून येणाऱ्या हवेला ढकलायला जास्त वेळ मिळतो. ०.५४७ ने १५.५ ज्यूल देणारी पीसीपी ०.६७ ने १६.२७ ओलांडू शकते, आणि ती ब्रिटनमध्ये असेल तर मालक अजाणता कायद्याबाहेर गेलेला असतो. स्प्रिंगच्या रायफलीत दाब क्षणभरच टिकतो. जड छर्रा हलायला वेळ घेतो आणि पिस्टन उसळून मागे येतो, म्हणून तिथे बहुधा हलके आणि मध्यम छर्रे वरचढ ठरतात. बहुधा म्हटलं, कारण स्प्रिंग, स्ट्रोक (पिस्टनची धाव) आणि ट्रान्स्फर पोर्ट (हवा बॅरलकडे नेणारं छिद्र) यांच्या जुळणीप्रमाणे उलटंही दिसतं. म्हणून अंदाज न बांधता किमान तीन वजनं घ्या: ०.४५, ०.५५ आणि ०.६७ ग्रॅमच्या आसपास. शिसेविरहित हलका छर्रा मिळत असेल तर चौथा तो. एकाच वजनाचे दोन वेगळे छर्रे बॅरलमध्ये सैल-घट्ट बसण्याने वेगळे आकडे देतात, हेही ध्यानात असू द्या.

वजन डब्यावरून घेऊ नका. ०.००१ ग्रॅम दाखवणारा काटा असेल तर दहा छर्रे एकेक करून तोला. ०.०१ चा काटा असेल तर पन्नास एकत्र तोलून भागा. एकच छर्रा अशा काट्यावर ठेवला तर तो ०.५४ किंवा ०.५५ दाखवणार, आणि तेवढ्यातच जवळपास दोन टक्के गेले.

अनरेग्युलेटेड (दाब एकसारखा ठेवणारा रेग्युलेटर नसलेली) पीसीपी २०० बारला भरली की पहिले छर्रे हळू निघतात, कारण आतला दाब व्हॉल्व्ह घट्ट दाबून धरतो आणि हॅमरला तो पुरेसा उघडता येत नाही. दाब उतरत जातो तसा वेग चढतो, मध्यावर शिखर गाठतो आणि मग घसरतो. भरल्या भरल्या पाच छर्रे मारून ‘आत आहे’ म्हणणारा माणूस डोंगराच्या पायथ्याशी उभा राहून उंची सांगत असतो. पूर्ण भरण्यापासून वापराच्या शेवटच्या दाबापर्यंत सगळे छर्रे नोंदवावे लागतात. रेग्युलेटर असलेल्या पीसीपीत आकडे सपाट राहतात, पण दोन जागा बघायच्याच. पहिली, रात्रभर ठेवून सकाळी मारलेला पहिला छर्रा. रेग्युलेटर झिरपत असेल तर तो बाकीच्यांपासून फटकून राहतो. दुसरी, सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या दाबाखाली उतरतो ती वेळ. काही रायफलींत तिथे वेग उतरण्याआधी थोडा वर जातो.

स्प्रिंगच्या नव्या रायफलीत कारखान्याचं जादा तेल आणि ग्रीस असतं. पिस्टनने दाबलेली हवा इतकी तापते की ते पेटतं. तोंडातून धूर, जळक्या तेलाचा वास, मोठा आवाज आणि मध्येच एखादा २०-३० मीटर प्रति सेकंदाने जास्त आकडा, ही त्याची लक्षणं. हा आकडा यंत्राची चूक म्हणून खोडू नका. त्या क्षणी छर्रा खरोखर तेवढ्या वेगाने गेलेला असतो. नवी रायफल काहीशे छर्रे मारून बसू द्यावी आणि मगच तपासावी. तपासणीच्या आधी कॉम्प्रेशन चेंबरमध्ये तेल तर मुळीच टाकू नये. धूर थांबल्यावरही आकडे १५-२० च्या फरकाने उड्या मारत असतील तर सील किंवा स्प्रिंग पाहण्याची वेळ आली आहे.

सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणाऱ्या) रायफलीत तापमानच सगळं ठरवतं. सिलिंडरमधला दाब २० अंशाला ५७ बारच्या आसपास आणि ३० अंशाला ७२ च्या आसपास असतो. थंड सकाळी पास झालेली रायफल दुपारी नापास होऊ शकते. भराभर मारल्याने गॅस थंड होऊन आकडे उतरतात, तेव्हा दोन छर्र्यांत किमान मिनिटभर जाऊ द्या आणि तपासणी वापरातल्या सर्वांत उष्ण वेळी करा. हाताने पंप मारायच्या रायफलीत कंपनीने सांगितलेले कमाल पंप मारूनच मोजा.

छर्रे थांबवायला मागे मऊ पुट्टी किंवा कापडाच्या चिंध्या भरलेला सापळा हवा. लोखंडी पत्रा एकटा ठेवू नका. यंत्राजवळ उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्मा हवा, कारण नळीच्या कडेला घासलेला छर्रा कुठे जाईल याचा नेम नाही.

यंत्रावर विश्वास कसा ठेवायचा

घरी क्रोनोग्राफ प्रमाणित करता येत नाही, पण फसवतोय का हे कळू शकतं. दुसरं यंत्र उसनं मिळालं तर एक मीटरवर पहिलं आणि दोन मीटरवर दुसरं ठेवून दहा छर्रे मारा. मग जागा बदलून आणखी दहा. दोन्ही वेळची सरासरी काढली की हवेने खाल्लेला वेग वजा होतो आणि उरतो तो दोन यंत्रांतला फरक. तो १ टक्क्याच्या आत असेल तर पुढे जा. जास्त असेल तर त्यातलं जास्त दाखवणारं यंत्र खरं धरा. नळीचा क्रोनोग्राफ ताडायचा असेल तर तो बॅरलवरच राहू द्या आणि दुसऱ्याच्या आकड्यात अंतराचं नुकसान मिळवा.

दुसरं यंत्र नसेल तर फोनचं ध्वनिमुद्रण चालतं. बॅरलच्या तोंडापासून टेपने मोजून १० मीटरवर सापळा, त्याच्यापुढे पातळ पत्र्याचं झाकण आणि फोन तोंडाजवळ. ध्वनीच्या आलेखात सुटण्याचा ठोका आणि पत्र्याचा ठोका यांमधला वेळ मोजा. २० अंशाला तो ७१.७ मिलिसेकंद आला तर त्यातले २९.२ आवाजाला परत यायला लागले, उरलेल्या ४२.५ मिलिसेकंदांवरून सरासरी वेग २३५ निघतो. ही सरासरी मधल्या बिंदूची, म्हणजे ५ मीटरवरची. तिच्यात सुमारे साडेसात मिळवले की तोंडाशी २४२-२४३. आवाजाचा वेग ३३१ अधिक तापमानाच्या ०.६ पट असा धरावा. ३० अंशाला तो ३४९ होतो. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टनचा आवाज छर्रा सुटण्याच्या आगेमागे मिसळतो, म्हणून ही रीत पीसीपीला जास्त जमते. यातून अर्धा टक्का कळणार नाही, पण यंत्र ५ टक्के कमी वाचत असेल तर ते लपणार नाही.

आता मर्यादेपासून किती लांब राहायचं. यंत्राची १ टक्का चूक ऊर्जेत २ होते आणि वजनाची अर्धा-एक टक्का, म्हणून सर्वांत मोठा आकडा मर्यादेच्या ३ ते ४ टक्के आत असावा. २० ज्यूलला तो १९.२ ते १९.४ च्या खाली आणि १६.२७ ला १५.६ ते १५.८ च्या खाली. ब्रिटनमधले बरेच जाणते नेमबाज ११.५ फूट-पौंडांच्या, म्हणजे १५.६ ज्यूलच्या खाली राहतात, आणि ०.७ ज्यूलसाठी कोणाचा नेम बिघडल्याचं ऐकिवात नाही. आकडा या पट्ट्यात किंवा त्याच्या वर आला तर रायफल वापरात ठेवू नये. स्प्रिंगची असेल तर कमी ताकदीची स्प्रिंग, पीसीपी असेल तर हॅमर स्प्रिंगचा ताण किंवा रेग्युलेटरचा दाब उतरवणं, ही कामं जाणत्या कारागिराकडून करून घ्यावीत आणि नंतर सगळ्या वजनांची तपासणी पहिल्यापासून पुन्हा करावी. एका छर्र्याने आकडा उतरला म्हणून दुसऱ्यानेही उतरला असेलच असं नाही.

नोंदवहीत तारीख, तापमान, छर्र्याचं नाव आणि तोललेलं वजन, सिलिंडरचा सुरुवातीचा व शेवटचा दाब, यंत्राचं अंतर आणि प्रत्येक छर्र्याचा वेग लिहा, खटकलेले आकडेही न वगळता. स्प्रिंग किंवा सील बदललं, रेग्युलेटर उघडला, बॅरल बदलली किंवा रायफल दुसऱ्याकडून विकत घेतली, की नवं पान उघडायचं. यंत्राची बॅटरी तपासणीआधी बदलावी. ९ व्होल्टची जुनी बॅटरी स्वच्छ दिसणारा चुकीचा आकडा देऊ शकते.